जर्मन तोफेचा रंग
नेलपॉलिशचा वास आला की मला अमेरिकेतल्या शुगर लँड गावातलं आमचं गॅरेज आठवतं. ऐंशीच्या दशकातल्या एका दमट दुपारी मी तिथे तसाच वास येणाऱ्या गोंदानं प्लास्टिकचं मॉडेल जोडत होतो. हलक्या रणगाड्यावर बसवलेली, दुसऱ्या महायुद्धातली जर्मनांची अवजड तोफ होती ती. शेजारच्या बेल्जियन आजी झाडाची लिंबं द्यायला आल्या आणि मॉडेल बघून थबकल्या. "ही आमच्या गावात आली होती," त्या म्हणाल्या. मी हरखून विचारलं, "रिअली? रंग कुठला होता?" "ग्रे," त्या हळूच म्हणाल्या. "तिनं आमचं घर पाडलं. भाऊ आत होता." लिंबं टेबलावर ठेवून त्या गेल्या, आणि मी ग्रे रंगाची बाटली उघडली. त्यानंतर त्या कधीच आमच्याकडे आल्या नाहीत. त्यांच्या भावाचं नाव विचारायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं, याची आजही लाज वाटते.