फुलांचा भाव कुणी विचारायचा

बेंगळूरुच्या देवनहळ्ळी विमानतळावर, आत जाण्याच्या दारापाशी, आमच्या मुलाने, निखिलने, सवयीने हात पुढे केला आणि म्हणाला, "दे, पासपोर्ट माझ्याकडे दे." मृणालने, आमच्या सुनेने, पासपोर्ट हातातच ठेवले. मग म्हणाली, "असू दे. मीच दाखवते." तिघांचे पासपोर्ट घेऊन ती रांगेत पुढे झाली. तिच्यामागे त्यांची सात वर्षांची इरा आणि सगळ्यांत मागे सामानाची गाडी ढकलत आमचा मुलगा. दारावरच्या जवानाने काही विचारलं, तिने उत्तर दिलं आणि तिघं काचेपलीकडे गेली. माझी बायको सुमन डोळे पुसत हसत होती. "आता बरोबर निघालेत," एवढंच ती म्हणाली.

निखिलला जर्मनीत नोकरी लागली हे कळल्यावर आमच्या मराठी मंडळाच्या अंकाचे संपादक मला म्हणाले, "हल्ली घरटी कुणी ना कुणी परदेशी निघालंय. तुम्ही निपाणीहून येऊन इथं उभं आयुष्य काढलंत. जाणाऱ्या कुटुंबांना चार उपयोगाच्या गोष्टी लिहून द्या की." देतो. पण त्यातली सर्वांत उपयोगाची गोष्ट मी स्वतः उलटी वागून शिकलो आहे. आणि मंडळात मी ती आजवर विनोद म्हणून सांगत आलो. तेव्हा आधी ते दुरुस्त करतो.

तो विनोद तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. "आमच्या हिला इतक्या वर्षांत कन्नड काही जमलं नाही. मी हिचा नवरा कमी आणि दुभाषी जास्त." कोजागरी असो, कुणाची साठी असो, हशा ठरलेला. सुमनही हसायची. हे खोटं आहे. खोटं आहे हे मला तीस वर्षं तरी माहीत आहे.

मी लग्नानंतर सुमनला आणायला गारगोटीला गेलो, तेव्हा माझी आई निपाणीहून मुद्दाम आली होती. एस.टी. सुटताना खिडकीशी येऊन मला म्हणाली, "तिला एकटी पाडू नको रे." मी सुमनकडे वळून म्हणालो, "तू काळजी करू नको. सगळं मी बघतो." मी शब्द पाळला. तिला कुठंही एकटी सोडली नाही. तिथंच चुकलं.

निपाणीत आमच्या घरात मराठी आणि बाजारात मराठी-कन्नड दोन्ही. त्यामुळे बेंगळूरुच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात टर्नर म्हणून लागलो, तेव्हा भाषेची तरी अडचण नाही असं वाटलं होतं. पण आमच्या बाजूचं कन्नड निराळं, रांगडं. पहिल्याच दिवशी मी शेजारच्या लेथवाल्याशी बोललो आणि अख्खी ओळ हसली. "ए बेळगाव, परत बोल की!" त्या दिवसापासून माझं नावच बेळगाव पडलं. निपाणी म्हणजे बेळगाव नव्हे, एवढं सांगायलाही मी तिथं तोंड उघडलं नाही. वर्षभर मोजकं बोलत, ऐकत, मी माझी भाषा घासून बेंगळूरुसारखी करून घेतली. या शहराने मला पुढे पुष्कळ दिलं, पण तो हशा पोटात राहिला.

सुमन आली ती मल्लेश्वरममधल्या एका वठारात. वठार म्हणजे एका अंगणाभोवती दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडं, आपल्या चाळीची बहीण. शेजारी जयक्का राहायच्या, आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. नळावर पाणी भरता भरता त्या सुमनला एकेक शब्द शिकवायच्या. मी संध्याकाळी आलो की सुमन तो दिवसाचा माल माझ्यापुढे मांडायची, लहान मुलीसारखी.

एका रविवारी कारखान्यातले दोन सोबती कॉफीला आले. सुमनने पेले ठेवले आणि साखर पुरेशी झाली का, असं त्यांना कन्नडमधून विचारलं. सकाळपासून ते वाक्य घोकत असणार. त्यात कुठंतरी चुकलं. पाहुणे हसले नसते, भले लोक होते. मी हसलो. एवढ्यावर न थांबता तिच्याच सुरात ते वाक्य म्हणून दाखवलं. मग तेही हसले. कारखान्यात जे माझ्या ताटात पडलं होतं, ते मी घरी आणून तिच्या ताटात वाढलं.

त्यानंतर सुमनने माझ्यासमोर कन्नडचा एक शब्द काढला नाही. दवाखाना, रेशन, मुलाची शाळा, सगळीकडे मी. डॉक्टरांना ती पाच वाक्यं सांगायची, मी त्यांचं एक करायचो. डॉक्टर माझ्याकडे बघून बोलायचे. दुखणं तिचं आणि चर्चा दोन पुरुषांची. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. कारखान्यात मला कुणी विचारत नव्हतं, घरात माझ्यावाचून पान हलत नव्हतं.

निखिल चौथीत असेल तेव्हाची गोष्ट. गौरीच्या आदल्या दिवशी वीज गेली म्हणून कारखाना दुपारीच सुटला. बसमधून उतरून आठव्या क्रॉसच्या, म्हणजे आठव्या आडरस्त्याच्या, बाजारातून घरी निघालो. फुलवाल्यांच्या रांगेत गर्दी होती आणि त्या गर्दीतून ओळखीचं हसू ऐकू आलं. गारगोटी सोडल्यापासून ते हसू मी ऐकलं नव्हतं. सुमन एका फुलवालीसमोर उभी होती, शेजारी जयक्का. सुमन कन्नड बोलत होती. एकेक शब्द जोडून नव्हे, घडाघडा. "नम्म यजमान्रु," म्हणजे आमचे मालक, करून माझीच नक्कल चालली होती. मी रविवारी तोंडावर पेपर घेऊन घोरतो आणि कुणी पेपर उचलला की डोळे मिटूनच ओरडतो, "वाचतोय मी!" फुलवाली पोट धरून हसत होती. मध्येच सुमन तिला म्हणाली, स्वल्प कमी कर की, नवऱ्याची गोष्ट फुकट ऐकतेस का?

मीही हसलो असेन, कारण तिने वळून पाहिलं. तिचं वाक्य अर्ध्यात तुटलं. चेहरा शाळेतल्या मुलीसारखा झाला. पिशवी माझ्या हातात देऊन ती मराठीत म्हणाली, "अहो, किती झाले विचारा की हिला."

आणि मी विचारलं.

फुलवालीने आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि भाव सांगितला. मी तो सुमनला मराठीत सांगितला. तिने मान डोलावली. जयक्का दुसरीकडेच बघत होत्या. आम्ही घरी आलो, गौर बसवली. त्यावर आम्ही कधीच बोललो नाही. मंडळातला विनोद मात्र मी पुढेही सांगत राहिलो. तुम्ही हसलात त्यात तुमचा दोष नाही.

हे सगळं माझ्याबरोबरच गेलं असतं. पण निघायच्या आधीच्या आठवड्यात निखिल-मृणाल आमच्याकडे राहायला आले. मृणाल पुण्याची. इथल्या महादेवपुऱ्यातली चांगली नोकरी सोडून निघालेली, आणि तिकडे लगेच काम मिळेल याची खात्री नाही. निखिल कंपनीच्या कामाने दोनदा जर्मनीला जाऊन आलेला. जेवताना मृणाल फोनमध्ये बघून जर्मन वाक्यं म्हणत होती. निखिलने घास थांबवला. "आई, ऐक ऐक, हिचं जर्मन ऐक!" आणि त्याने तिच्या सुरात ते म्हणून दाखवलं. इराही हसली. "तू टेन्शन घेऊ नको गं, तिकडे सगळं मी बघतो."

मृणालने फोन पालथा ठेवला. सुमनचा भाताचा डाव पातेल्यात तसाच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी त्या वेळी बोललो नाही. सकाळी नाश्त्याला सगळे बसल्यावर बोललो. साखरेचं सांगितलं, फुलवालीचं सांगितलं. शेवटी निखिलला म्हणालो, "काल तू हसलास ना, तसाच मी हसलो होतो. त्यानंतर तुझी आई माझ्यासमोर मुकी झाली."

निखिलने ताटली बाजूला सारली. मग म्हणाला, "अप्पा, आईला कन्नड येतं हे मला शाळेपासून माहीत आहे. तुम्ही आलात की ती बंद व्हायची. मला वाटायचं, तुम्हाला घरात मराठीच हवं म्हणून."

मी सुमनकडे पाहिलं. ती इराच्या पोह्यांवर खोबरं पेरत होती. "तुम्ही सगळं ऐकलंय हे मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "वाटलं, आता तरी म्हणतील, तूच विचार की. पण तुम्ही भाव विचारलात. आणि काय ओ, फुलं पण महागात पाडलीत. माझ्याशी ती आणखी उतरली असती."

सगळ्यांत आधी मृणाल हसली. मग तिने फोन हातात घेतला आणि निखिलला म्हणाली, "आता मी म्हणते. तू फक्त ऐकायचं."

तर जाणाऱ्यांनो, माझा सल्ला एवढाच. डाळी आणि मसाल्यांनी बॅगा फुगवू नका, ते सगळीकडे मिळतं. मुलांच्या शाळेची कागदपत्रं, लसींची नोंद, चष्म्याचा नंबर आणि रोजच्या औषधांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. पण त्याहून महत्त्वाचं, ज्याला नोकरी लागली आहे त्याने सगळ्या घराचं तोंड होऊ नये. ज्याला नोकरी नाही त्याने पहिल्याच आठवड्यात दूध-पाव आणायला एकट्याने जावं. चुकीचा पाव आला तर तो खावा. बँकेत, घरमालकाकडे, मुलांच्या शिक्षकांकडे दोघांनी जावं, आणि ज्याला भाषा कमी येते त्याने आधी बोलावं. डॉक्टरांना आपलं दुखणं आपणच सांगावं, मोडकंतोडकं का होईना. मुलं भाषा भराभर उचलतात म्हणून त्यांना आईबापाचा दुभाषी करू नये, मुलांच्या खांद्यांना ते ओझं होतं. शेजारी एक जयक्का शोधावी, चूक सुधारणारी आणि न हसणारी. नवरा किंवा बायको ते काम करू शकेल याची मला खात्री नाही.

आणि मागे राहणाऱ्यांनो, फोनवर आधी "कधी येणार?" विचारू नका. आज काय नवीन खाल्लंत ते विचारा.

मागच्या रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मृणाल बेकरीत एकटी गेली होती. निखिल इराचा हात धरून बाहेर फुटपाथवर थांबला होता. "आत जायला पाय शिवशिवत होते, अप्पा," तो म्हणाला, "पण नाही गेलो." बेकरीतल्या बाईंनी मृणालला दोनदा काहीतरी विचारलं, तिला समजलं नाही. तिसऱ्यांदा दोघी हसल्या आणि बोट दाखवून काम झालं. अक्रोड घातलेला, विटेसारखा जड पाव आला. इरा तो कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाली, "आज्जी, हा आईने बोलून आणलाय."

त्या नाश्त्याच्या दिवसापासून सुमन माझ्यासमोर कन्नड बोलते. रिक्षावाल्याशी, औषधांच्या दुकानात, खालच्या वॉचमनशी. मला अजून तिच्या आधी तोंड उघडायची सवय जात नाही, तेव्हा ती कोपराने ढोसते. घर म्हणजे निपाणी की बेंगळूरु, हा प्रश्न मी पुष्कळ वर्षं घोळवला. आता तो पडत नाही. सुमन मोकळी हसते तिथं मी पोचायला उशीर केला, एवढंच.

परवा आम्ही दोघं आठव्या क्रॉसला गेलो. जुनी फुलवाली आता नाही, तिची सून बसते. सुमनने शेवंती निवडली, भाव विचारला, नाक मुरडलं, दोन पावलं पुढे जाऊन परत आली. मी पिशवी धरून गप्प उभा. त्या मुलीने हसून सुमनला विचारलं, अज्ज, म्हणजे आजोबा, काहीच का बोलत नाहीत?

सुमनने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "इवरिगे कन्नड स्वल्प कम्मि," ती म्हणाली. ह्यांना कन्नड जरा कमीच येतं.

मी मान डोलावली आणि पिशवी पुढे केली.