बिनझाकणाचं ऑपरेशन

नवरा मारायच्या आधी तिचा चष्मा काढून घ्यायचा. एकदा काच फुटून तिच्या भुवईत रुतली होती आणि टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी नको ते प्रश्न विचारले होते. तेव्हापासून तो चष्मा जपून फ्रिजवर ठेवायचा, मग हात उचलायचा. तिचा नंबर मोठा. वीतभर अंतरापलीकडे सगळं धूसर. ठोसा लागल्यावरच कळायचं, कुठून आला.

ती एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. कपाळावर टेंगूळ आलेलं पाहून थोरल्या बहिणीने तिला चष्मा कायमचा घालवायला ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"डोळ्याच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया," बाई म्हणाल्या. "लॅसिक ऑपरेशनमध्ये त्याचा वरचा पातळ थर झाकणासारखा उचलतात. त्याला फ्लॅप म्हणतात. खाली लेझरने आकार बदलायचा, झाकण परत बसवायचं. दोन दिवसांत कामावर."

"झाकण घट्ट बसतं?"

"बसतं. पण डोळ्यावर जोराचा मार बसला तर वर्षांनीही सरकू शकतं. बॉक्सिंगवाल्यांना म्हणून नको म्हणतो. तुम्ही खेळता काही?"

बहीणच म्हणाली, "ती नाही खेळत. नवरा खेळतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पोलिसांत गेलात?"

"आधी डोळे," ती म्हणाली.

"मग पीआरके करू. त्यात झाकणच नाही. वरची नाजूक त्वचा काढून लेझर मारायचा, त्वचा पुन्हा येते. तोवर बँडेज लेन्स, म्हणजे डोळ्यावरची पट्टीच समजा. पण दुखतं, आणि नजर साफ व्हायला वेळ लागतो."

"दुखण्याचं मला नका सांगू."

दुखलं मात्र खूप. बहिणीच्या घरी पडदे ओढून ती पडून राहिली, डोळ्यांत तिखट गेल्यासारखी तळमळत. महिन्या-दीड महिन्याने समोरच्या इमारतीवरचे कबुतरंही ओळखू यायला लागली, तेव्हा ती कपडे आणायला घरी गेली.

न्यायच्या कपड्यांवर इस्त्री फिरवत होती, तेवढ्यात नवरा आला. "कोणाला विचारून गेलीस गं?" सवयीने त्याचा हात तिच्या नाकाकडे गेला. तिथे चष्माच नव्हता. पहिली थप्पड कानावर बसली. तिने मान वर केली आणि मारताना त्याचा चेहरा कसा असतो ते पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं तिला वाटायचं, तो संतापलेला असतो. तो हसत होता.

दुसरा ठोसा तिला येताना दिसला. ती खाली वाकली. मूठ भिंतीवर आदळली, बोटं कडकड मोडली. त्याने दुसऱ्या हाताने तिचे केस धरून डोकं टेबलावर आपटलं. ओठ फाटला. तिने इस्त्री उचलली आणि त्याच्या हातावर दाबली. कातडी चरचरली, तो गुरासारखा ओरडला, तरी केस सुटेपर्यंत तिने ती उचलली नाही. मग गुडघ्यावर लाथ घातली. तो कोसळला, आणि ती रक्त थुंकत जिना उतरली.

तिने मारहाणीची तक्रार केली, त्याने इस्त्रीने भाजल्याची. कोर्टात त्याच्या वकिलाने विचारलं, "ऑपरेशन करून घेतलंत ते याच तयारीसाठी ना?"

"मारायला नाही," ती म्हणाली. "चुकवायला."

मार बसतो म्हणूनच बिनझाकणाचं ऑपरेशन केलं, अशी साक्ष डॉक्टरीणबाईंनी दिली. ती सुटली, नवरा आत गेला. आता ती बहिणीजवळ राहते. डोळे कोरडे पडतात, थेंब घालावे लागतात. कोणी पटकन हात वर केला, अगदी पंख्याचं बटण दाबायला जरी, तरी ती आधी बाजूला होते.