माठाने पाळलेला श्रावण

गेल्या वर्षी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी जाहीर करून टाकलं, की यंदा गौरीची भाजी बाजारातून येणार नाही, आमच्या मुलुंडच्या गॅलरीतून येणार. आमच्याकडे गौर आली की पहिल्या दिवशी तिला भाकरी आणि माठाची भाजी लागते. ग्रुपवर बारा अंगठे आले. बोरीवलीच्या थोरल्या भावाने मात्र विचारलं, "येताना दोन जुड्या आणू का, सेफ्टीला?" माझं डोकंच फिरलं. मी ग्रुप म्यूट केला आणि कामाला लागलो.

गॅलरी पहिल्या मजल्यावर, पाय पसरून बसलं तर समोरच्या भिंतीला टेकतील एवढी. तिथे मी पांढरे पाईप आडवे बसवले, त्यांना भोकं पाडली, भोकांत जाळीच्या वाट्या ठेवल्या आणि खाली एक निळी टाकी. टाकीतल्या पाण्यात खत विरघळवायचं आणि पंपाने ते पाणी मुळांवरून फिरवत ठेवायचं. माती अजिबात नाही. निवृत्त होऊन चार महिने झाले होते आणि बायकोने मला स्वयंपाकघरात यायला बंदी केली होती, त्यामुळे वेळ भरपूर होता.

आई ते सगळं दारात उभी राहून बघत होती. वडील गेल्यावर सिंधुदुर्गातलं घर बंद करून ती आमच्याकडे आली, तेव्हा मागे परसातली मिरची, कढीपत्ता, केळी सोडून आली होती.

"मातयेशिवाय झाडां जगतली कशी?" तिने विचारलं. "तेंका खाऊक नको?"

"आई, पाण्यातच जेवण आहे त्यांचं."

"माका दिसणा नाय तां," ती म्हणाली आणि आत गेली.

पहिले पंधरा दिवस माठ झकास वाढला. मग कोवळी पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या आणि मधलं पान फिकट. पुस्तकात बघितलं तर लोह कमी. लोह घातलं. मग पानांच्या कडा करपल्या, म्हणून कॅल्शियम घातलं. मग जुनी पानंही पिवळी झाली, तेव्हा जे होतं नव्हतं ते सगळं थोडं थोडं घातलं. एवढी औषधं मी माझ्या ब्लडप्रेशरलाही घेत नाही.

पाण्याचा पीएच मोजायच्या पट्ट्या होत्या. पीएच फार वर गेला तर पाण्यात लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, एवढं मला कळलं होतं. मी एक वही केली आणि रोज सकाळ-संध्याकाळ आकडा लिहू लागलो. तेव्हा एक विलक्षण गोष्ट सापडली. आकडा दर बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी बिघडायचा. मी त्याचा कसून अभ्यास केला आणि दोष सोसायटीच्या टाकीचा आहे असा निष्कर्ष काढला. सेक्रेटरीला वही दाखवली, मीटिंगमध्ये आवाज चढवला आणि अख्ख्या बिल्डिंगचं पाणी एक दिवस बंद ठेवून टाकी धुवून घेतली. लोक अजून मला लिफ्टमध्ये जागा देत नाहीत.

त्याच सुमारास गॅलरीच्या ग्रिलवर दोन मांजरं येऊन बसू लागली. तासन्तास माठाकडे बघायची. मला वाटलं, मांजरांनासुद्धा हिरवळ आवडते. हे मी बायकोला बोलूनही दाखवलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि कुकर लावला.

आषाढ संपेपर्यंत माठाची पार वाट लागली. मुळं तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती. मी सगळं उपटून टाकलं, टाकी घासली, पाईप धुतले, नवं बी टाकलं. गौर सव्वा महिन्यावर आली होती आणि भावाला काय तोंड दाखवू या विचाराने मला जेवण जाईना.

नवा माठ मात्र असा तरारला की विचारू नका. खत मोजून, दर पंधरा दिवसांनी पाणी बदलून, बस्स. आकडा एकदाही हलला नाही. मांजरंही यायची बंद झाली. मी ग्रुपवर रोज फोटो टाकू लागलो.

गौर यायच्या सकाळी मी आणि आई भाजी खुडायला बसलो. टोपली भरली तशी आई समाधानाने म्हणाली, "इतके म्हयने कोळंबेचा पाणी घातलंय, तेचा फळ आता गावला."

माझ्या हातातली जुडी खाली पडली. "कसलं पाणी?"

"मासे धुतलेला. परसात सगळ्यांका तांच घालू. तुझी झाडां उपाशी दिसत होती, बघवणा नाय माका."

बुधवार, शुक्रवार, रविवार. आमच्या घरी मासे याच तीन दिवशी येतात. वही, सेक्रेटरी, धुतलेली टाकी, मांजरं, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. आणि त्याहून भयंकर म्हणजे भाजी गौरीच्या नैवेद्याची होती.

"आई! मग ही भाजी गौरीला कशी चालेल?"

"चालता तर," आई शांतपणे देठ मोडत म्हणाली. "श्रावणापासून घरात मासे खंय इले? ह्या माठान पण श्रावण पाळल्यान."

मला हसावं की रडावं कळेना. संध्याकाळी तिने गौरीपुढे पान ठेवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माये, माझ्या झिलान पाण्यार पिकवल्यान. गोड मानून घे." कोळंबीचा शब्द नाही. भावाने भाजी दोनदा मागून घेतली. मला लाज वाटली, कारण सगळं श्रेय मी गपचूप खिशात घातलं होतं.

विसर्जन झालं, मासे परत सुरू झाले. त्याआधीच मी मातीच्या कुंडीत कढीपत्ता लावून गॅलरीच्या दाराशी ठेवला होता. रविवारी आई टोप घेऊन आली. पाणी कुंडीत ओतलं, पण थोडं मागे ठेवलं आणि पाईपांकडे बघत उभी राहिली.

"आई, त्यांचं जेवण झालंय," मी म्हणालो.

"खरां?"

"आत्ताच वाढलं मी."

तेव्हा तिने उरलेलं पाणीही कढीपत्त्याला घातलं. आता टाकीत खत घातलं की मी आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडतो, "आई, सगळे जेवले गं." त्यानंतरच ती स्वतःचं ताट वाढून घेते.