पाचव्या दिवसाचं दुखणं
गरम पाण्याच्या पिशवीचा रबरी वास आला की मला पनवेलचं आमचं जुनं स्वयंपाकघर आठवतं. नव्वदच्या सुमारास आमच्याकडे पाळी आलेली बाई तीन दिवस बाजूला बसे, चौथ्या दिवशी न्हाऊन कामाला लागे, आणि दुखणंही तिथेच संपलं असं धरलं जाई. एकदा न्हाल्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी पोळ्या लाटायच्या सोडून पोटाशी पिशवी धरून खाली बसली. आई म्हणाली, "काल न्हालीस ना? मग आज कसलं दुखतंय?" वहिनी हळूच म्हणाली, "आई, मी न्हाले ते दुखण्याला कुठे ठाऊक?" आईने पिशवी काढून घेतली आणि तिच्या हातात लाटणं दिलं. स्टँडजवळचे डॉक्टर सांगत, एक मूल झालं की थांबेल. मूल काही झालं नाही. पुष्कळ वर्षांनी ऑपरेशन झालं तेव्हा कळलं की गर्भाशयाच्या अस्तरासारखं काहीतरी बाहेर वाढून बीजकोश आतड्याला चिकटला होता. ते ऐकून आई हळहळली, "बिचारी, कधी बोलली का नाही?" खाटेवरच्या वहिनीने भिंतीकडे तोंड फिरवलं. काल मी माझ्या मुलीला तशीच पिशवी भरून दिली. कितवा दिवस, ते विचारलं नाही.