पाचवा भाग निघालाच न्हाय

आधी माझी चूक सांगतो, मग अनुभव. दहा वर्षांचा असताना मी बहिणीशी खोटं बोललो आणि चाळीस वर्षं ते तसंच राहू दिलं. भास, संकेत, कुणाचं तरी असणं... असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. आजही मानतो असं म्हणवत नाही. पण घडलं ते घडलं.

आमचं गाव तेर. पेरणीचा भुईमूग घरी हातानं फोडायचा, ही आमच्याकडची रीत. संध्याकाळी मी आणि अक्का शेंगांच्या ढिगाशी बसायचो. अक्काची शाळा दुसरीतच सुटलेली. त्यामुळे आमचं ठरलेलं — माझ्या वाटणीच्या शेंगा तिनं फोडायच्या, मी तिला वाचून दाखवायचं. शाळेच्या कपाटात पाच भागांची एक कादंबरी होती. दगड झालेलं शहर, त्यात अडकलेला भाऊ आणि त्याला शोधायला निघालेली बहीण. चार भाग वाचून झाले. ती मुलगी दगडी शहराच्या वेशीपाशी पोचली, आणि इकडे अक्काचं लग्न झालं. सास्तूरला दिली तिला.

पहिल्या पंचमीला माहेरी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं, "शेवटचा भाग आला का रे?" तो माझ्या दप्तरातच होता. पण पोरं खेळायला बोलवत होती. मी म्हणालो, "निघालाच न्हाय." कारण एवढंच, याहून मोठं काही नाही. पुढे तिनं दोनतीनदा विचारलं. मग सोडून दिलं.

आता मी धाराशिवला एका खोलीत एकटा राहतो. बायकोची नोकरी पुण्यात, मुलगी मुक्ता तिच्याजवळ. गेल्या हिवाळ्यात रद्दीच्या दुकानात सुतळीनं बांधलेले तेच पाच भाग दिसले. घरी आणले आणि रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉलवर मुक्ताला वाचून दाखवू लागलो. ऑफिसची कामं सोडली तर दिवसभरात माझं बोलणं तेवढंच.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, वाचताना शेंगा खाऊ नका ना. कट् कट् येतंय."

"मी काही खात नाहीये."

"मग तुमच्या मागे कोण बसलंय?"

मागे भिंत होती. पंखा बंद, खिडकी बंद. मला काहीच ऐकू येत नव्हतं. "तुम्ही थांबलात की आवाज पण थांबतो," मुक्ता म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं रेकॉर्ड करून पाठवलं. माझा आवाज, आणि त्यामागे — कट्, कट्, कट्. मग हलकीशी फुंकर. पुन्हा तीनदा कट्, पुन्हा फुंकर.

मी खुर्चीवरून उठलो ते उभाच राहिलो. शेंगा फोडून अक्काचा अंगठा सोलवटायचा. तीन शेंगा फोडल्या की ती अंगठ्यावर फुंकर घालायची.

चौथा भाग पुढे एका शुक्रवारी संपला. रविवारी पाचवा पिशवीत घालून सास्तूरची बस धरली. एरवी भाऊबीजेला जायचो, चहा पिऊन निघायचो. भूकंपानंतरच्या वसाहतीत तिचं घर आहे. अक्का ओसरीवर होती, पुढ्यात शेंगांचा ढीग.

"ये. वाट चुकलास व्हय?"

"बियाणं फोडायलीस?"

"उन्हाळी भुईमूग टाकायचाय. सून म्हणती मशीनवर द्या. मशीनीत दाणा फुटतो, फुटका उगवत न्हाय. मग बसते सांच्याला." मग तिनं विचारलं, "तुझ्या लेकीचा खोकला गेला का?"

मुक्ताला खोकला झाला होता तो त्याच आठवड्यात, वाचन चालू असताना. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. अक्काकडे फोन नाही, आणि सुनेचं आमच्या घरी बोलणं नसतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"कानावर आलं. शेंगा फोडाया बसलं की तुझा आवाज येतुया. लेकरू मधीमधी खोकतंय. सून म्हणती, आत्याबाई, वय झालं तुमचं." ती हसली. "परवा मातर वेशीपाशी आणून पुस्तक मिटलंस. तिथंच थांबायची खोड तुझी जुनीच हाय."

याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. ते रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे. जाणकारांना ऐकवून पाहिलं, कुणी काही सांगू शकलं नाही. मीही आता विचारत नाही.

त्या दिवशी मी पिशवीतून पुस्तक काढलं. ढिगातल्या निम्म्या शेंगा माझ्याकडे ओढल्या. अक्का पुस्तकाकडे बघत राहिली.

"अक्का, हा भाग निघाला होता. तू पंचमीला आलीस तवा माझ्या दप्तरात होता. मला खेळायला जायचं होतं म्हणून मी खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ कर."