एक्केचाळिसावी काडी

सातपूरच्या आमच्या कारखान्यात कुणाच्या हातून माल बिघडला, की फोरमन अण्णा ओरडत नसत. त्याला बाजूला उभं करत, स्वतः मशीनवर बसत आणि अगदी तसाच माल बिघडवायच्या मागे लागत. त्यात तास जाई, मॅनेजर धुसफुसत. अण्णांचं ठरलेलं होतं, "तीच चूक मला जमली पाह्यजे. तवर त्याला बोलायचा मला हक नाय." जमली की खूश. मग कुठे दिवा हलव, कुठे खटका उलटा बसव. ती चूक पुन्हा कुणाला करताच येत नसे.

मी गंगापूर रोडवरून स्कूटरने येणारा सेफ्टी ऑफिसर. अण्णा चांदवडचे. चांदवडचा माणूस कांदे निवडावेत तशा चुका निवडतो, असं मी कँटीनमध्ये म्हणत असे. लोक हसत.

मग भास्करची उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. नऊ वर्षं तो त्याच प्रेसवर होता. संध्याकाळच्या आत मी अहवाल लिहिला. कारणाच्या रकान्यात 'कामगाराचा निष्काळजीपणा'. वरून तसंच हवं होतं. तेवढ्यावर त्याची नोकरी जाणार, हे मला माहीत होतं.

सुट्टीच्या दिवशी अण्णांनी मला बोलावलं. खराट्याच्या काड्या घेऊन ते त्या प्रेसपुढे बसले होते. पेडल दाबायचं, प्रेस खाली येऊन वर गेली की पाय काढायचा आणि बोटाच्या जागी काडी आत धरायची. चाळीस वेळा काही झालं नाही. एक्केचाळिसाव्या वेळी, पाय जमिनीवर असताना, प्रेस आपोआप पुन्हा खाली आली. काडीचा तुकडा माझ्या बुटावर पडला.

"जमली," अण्णा म्हणाले. या वेळी खूश नव्हते. "त्याचा पाय नव्हता पेडलवर, साहेब. कागद बदला."

बघतो म्हणालो. बघितलं नाही. भास्करला काढलं. पाय काढला की प्रेस वरच थोपवणारा तिचा क्लच अण्णांनी बदलून घेतला. शेजारच्या शेडमधल्या तसल्याच प्रेसचा कुणी बदलला नाही, कारण कागदावर दोष माणसाचा होता. पावसाळ्यानंतर तिथेही एकाची बोटं गेली. अहवाल मीच लिहिला, तेच दोन शब्द. हात अडखळला नाही.

अण्णांनी तो कागद मागून घेतला, उभ्याने वाचला.

"लय बसून बघितलं, साहेब. तुमची चूक मला जमंना. म्हणून बोलत नाय."

निवृत्त होईपर्यंत ते खरंच माझ्याशी बोलले नाहीत.

परवा चांदवडला त्यांच्या दहाव्याला गेलो. भास्कर येणाऱ्यांना पाणी देत होता. माझ्यापुढेही त्याने ग्लास धरला, डाव्या हाताने. मी घेतला, प्यालो, रिकामा करून परत दिला. काही वाटलं नाही.