विलासच्या कंप्युटरातली जमीन

चुलीमागच्या भिंतीवर काजळी धरते ना, कुणी न सांगता, तसे दुकानात बसलं की किस्से साठतात. चौक गावात हायवेच्या कडेला माझ्या मुलाचा, विलासचा, फोटो स्टुडिओ आहे. आधी लग्नांचे फोटो काढायचा, आता जमिनींचे. एजंट येतात, प्लॉट विकायचा असतो. विलास फोटो कंप्युटरवर घेतो आणि 'सुधारतो'. मला वाचता येत नाही, पण चित्र दिसतं!

नवरा गेल्यावर विलासने मला पोशीरहून इथं आणलं. तिथलं शेत माझ्या नावावर आहे. त्याला ते विकायचंय, मला नाही. रोज सकाळी चहाबरोबर एकच प्रश्न, "आई, अंगठा कवा देतेस?"

मी म्हणते, "चहात साखर कमी हाय."

*

वैशाखात सुधीर एजंट एका माळाचा फोटो घेऊन आला. जमीन अशी भाजलेली की बघूनच तहान लागावी. "विलासभाऊ, हिरवं कर." विलासने माऊस फिरवला, माळ हिरवागार! मग म्हणे आभाळ फिकं वाटतं. तेही निळं केलं, वर पिंजलेल्या कापसासारखे ढग टाकले.

मला राहवलं नाही. "अरं सुधीर, वैशाखात एवढं गवत असतं तर गावातली गुरं घरी कशाला आली असती?"

"आजी, गुरांना कुठं विकायचंय? मुंबईची मानसं घेनार हायेत. त्यांना काय ठावं वैशाख कवा असतो!"

*

विलास मोबाईलवर बघून एक नियम शिकलाय. फोटोचे आडवे तीन भाग करायचे. जमीन आणि आभाळ जिथं भेटतं ती रेघ मधोमध नको, वर तरी हवी नाहीतर खाली. आणि कडेला नजर अडवणारं काही असलं की कापायचं.

एका फोटोत खालच्या कोपऱ्यात शेंदराचा दगड होता. बांधावरचा म्हसोबा. विलासने कडेची पट्टी कापली, म्हसोबा गेला! शेताचा मालक शेजारीच बसलेला. दर अवसेला तिथं नारळ फोडणारा माणूस, तो ताडकन उठला.

"विलास, देवाला कापलास?"

"काका, नजर सरळ डोंगराकडं गेली पायजे. देव मधी येतो."

म्हातारा विलासच्या खुर्चीशी आला. मला वाटलं आता कानाखाली देतो. तो म्हणाला, "मंग ऱ्हाऊ दे. पन डोंगर जरा जवळ घे."

*

ठाकरवाडीची चांगुणा डोक्यावर मोळी घेऊन माळावरून जात होती, ती एका फोटोत आली. सुधीर म्हणाला, "हिला पुस. गिऱ्हाईकाला वाटंल जमिनीतून वाट हाय." वाट होतीच. विलासने बाई पुसली, वाट पुसली. तिकडे माळावर सुधीरने खरंच काट्यांचं कुंपणही घातलं.

महिन्याभराने विलासला कुणीतरी सांगितलं, फोटोत एखादं माणूस असलं की जागा मोठी दिसते. झालं! कुंपण बाजूला सारून चांगुणाला त्याच वाटेवरून चालवलं. ऊन कडक पडलंय, पुन्हा चाल. मोळीवर उजेड नाही, पुन्हा चाल. सातव्या खेपेला तिने मोळी धाडकन खाली टाकली.

"विलासदादा, आदी जाऊ नको म्हनून काटे लावलेत. आता फुकट चालवताय! वाट हाय का नाय, ते एकदा ठरवा!"

फोटो मात्र झकास आला. जमीन आठवड्यात गेली. आता तिथं लोखंडी गेट आहे आणि चांगुणा ओढ्याकडून वळसा घालून जाते.

*

ठाण्याचं एक जोडपं फोटो हातात धरून दुकानात आलं. घेतलेल्या प्लॉटवर फोटोतलं वडाचं झाड सापडेना! डावी बाजू मोकळी वाटते म्हणून विलासने ते दुसऱ्या फोटोतून आणून बसवलेलं. तो नेमका जेवायला गेला होता. बाई उन्हानं लालबुंद झालेली. "आजी, हे झाड नक्की कुठे आहे हो?"

मी कंप्युटरकडे बोट दाखवलं. "त्याच्यात. बसा सावलीला!"

विलास दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. अंगठ्याचंही नाव नाही. एवढा गोड चहा मी बऱ्याच दिवसांत प्याले नव्हते.

*

मग एका सकाळी तो म्हणाला, "आई, चल, शेत बघून येऊ." मी नवं लुगडं नेसले. पोशीरला पोचल्यावर चपला बांधावर काढल्या आणि आत शिरले. वर्षभरात कुणी हात लावला नव्हता, मी कंबर वाकवून तण उपटत बसले. विलास लांबून फोटो काढत होता. मला वाटलं, माझे काढतोय.

चार दिवसांनी सुधीर शाईचं पॅड आणि कागद घेऊन दुकानात आला. बरोबर गॉगलवाला गिऱ्हाईक. विलासने कंप्युटरवर शेत उघडलं. विहीर नाही, पडकं खोपट नाही, शेणाचा उकिरडा नाही. गवत कसं, कंगव्याने विंचरल्यासारखं!

सुधीर म्हणाला, "आजी, द्या अंगठा."

मी म्हणाले, "कशाला? ही जमीन माझी नाय. माझ्या जमिनीत विहीर हाय, सासऱ्यानं खनलेली. ही ज्याची आसंल त्याचा अंगठा घ्या."

सुधीर हसला. विलास नाही हसला. त्याने खटाखट बटणं दाबून मूळ फोटो उघडला. विहीर होती, खोपट होतं, उकिरडा होता. मधोमध नवं लुगडं नेसून मी वाकलेली.

"ही तरी तुझी ना, आई?"

"ही माझी," मी म्हणाले.

गॉगलवाला पुढे वाकला. मी त्याच्या कोपराला लागून स्टुलावर बसलेली. गॉगल काढून त्याची काडी पडद्यावर टेकवून तो म्हणाला, "बाकी ठीक आहे. ही मध्ये म्हातारी कोण?"

विलासने मान वळवली नाही.

"ती काढायची हाय, साहेब."